बॅरन आयलंड आणि डेड हॉर्स बे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रुकलिनच्या नकाशावर ‘डेड हॉर्स बे’, म्हणजे मेलेल्या घोड्याची खाडी, हे नाव वाचलं की बहुतेकांना ती दंतकथा वाटते. दंतकथा नाही. जमेका उपसागराच्या तोंडाशी, याच खाडीच्या काठी असलेल्या बॅरन आयलंड या बेटावर पाऊणशे वर्षं न्यूयॉर्कच्या मेलेल्या जनावरांची चरबी काढली जात होती. इतिहास वाचणारे, रसायनशास्त्राचे विद्यार्थी आणि न्यूयॉर्कला गेल्यावर तिथं चक्कर मारू पाहणारे, अशा तिघांचेही प्रश्न इथं एकत्र घेतले आहेत.

मेलेलं जनावर तिथं नेऊन नेमकं काय करत?

रेंडरिंग. घरी लोणी कढवताना ज्यानं पाहिलंय त्याला हे सोपं जाईल. लोणी तापलं की पाणी तडतडत उडून जातं, तूप नितळ होत वर येतं आणि तळाशी बेरी राहते. जनावराच्या धडाचंही तसंच. मांसात, आतड्यांभोवती आणि हाडांच्या पोकळीत अडकलेली चरबी उष्णतेनं सुटी करायची, पाणी घालवायचं आणि उरलेला चोथा वाळवून दळायचा. घट्ट चरबीला धंद्यात टॅलो म्हणतात, मऊ चरबीला ग्रीझ आणि वाळलेल्या चोथ्याला टँकेज. हे तीन शब्द पुढं सारखे येतील.

बेट कुठं आहे? ‘बॅरन’ म्हणजे ओसाड ना?

ब्रुकलिनच्या आग्नेय टोकाला. आता ते बेट राहिलेलं नाही. खाडी बुजवून ते मुख्य भूमीला जोडलं गेलं, आणि त्यावर फ्लॉइड बेनेट फील्ड हा जुना विमानतळ आहे. नावाचा ओसाडपणाशी संबंध नाही. डच लोक त्याला ‘बेरेन आयलंड’, म्हणजे अस्वलांचं बेट, म्हणत आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं ‘बॅरन’ झालं, असं सांगतात. पुढं तिथं जे उभं राहिलं त्याला हे चुकीचं नावच जास्त शोभलं, हा भाग वेगळा.

कारखान्यांआधी बेटाची ओळख होती ती चार्ल्स गिब्ज या चाच्यामुळे. १८३० साली ‘व्हिनयार्ड’ जहाजावर बंड करून त्याच्या टोळीनं मेक्सिकन चांदीची नाणी लुटली आणि त्यातली काही या किनाऱ्यावर पुरली. १८३१ मध्ये तो फासावर गेला.

कारखान्यांसाठी हीच जागा का निवडली?

१८५० च्या आसपास हाडं उकळण्याच्या भट्ट्या मॅनहॅटनमध्येच होत्या. आज जिथं सेंट्रल पार्कच्या दक्षिणेला महागडी हॉटेलं आहेत, त्या भागात डुकरांचे गोठे आणि हाडांच्या कढया शेजारी शेजारी होत्या. १८४९ च्या कॉलऱ्यानंतर दुर्गंधीमुळेच रोग पसरतो हा समज पक्का झाला. १८५९ साली शहरानं पोलीस घेऊन हे गोठे आणि भट्ट्या उठवल्या. त्या मोहिमेत सुमारे नऊ हजार डुकरं हाकलली गेली. लोकांनी त्याला ‘डुकरांचं युद्ध’ असं नाव ठेवलं.

बॅरन आयलंडवर पहिले कारखाने उभे राहिले ते याच सुमाराला. ठेकेदारांच्या नजरेतून बेट फार सोयीचं होतं. वस्ती नगण्य, जमीन स्वस्त, तराफा थेट धक्क्याला लागेल इतकं खोल पाणी, आणि नको असलेलं सगळं भरती-ओहोटी वाहून नेणार. सर्वांत मोठी सोय म्हणजे शहरापासूनचं अंतर. पण पुढचा सगळा त्रास या अंतरातूनच निघाला. तो वासाच्या प्रश्नात येईल.

शहरात एवढे घोडे मरत होते का?

१८८० साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून सुमारे पंधरा हजार मेलेले घोडे उचलले गेले, म्हणजे रोज चाळीसच्या वर. ट्राम, मालगाड्या, दूध, बर्फ, कोळसा, अग्निशमनाचे बंब असं सगळं घोड्यांवर चाले. दगडी फरसबंदीवर दिवसभर ट्राम ओढणारा घोडा चार-पाच वर्षांत निकामी होई. उन्हाळ्याच्या लाटेत तर जागच्या जागी कोसळत. १८७२ च्या शरद ऋतूत घोड्यांमध्ये इन्फ्लूएंझाची साथ आली, तेव्हा शहर काही दिवस अक्षरशः थांबलं.

घोडा रस्त्यात पडला की पुढं काय व्हायचं?

गाडीवान साज सोडवून घेई आणि धड तिथंच टाकून निघून जाई. शहराचा ठेका असलेली कंपनी खबर मिळाल्यावर कप्पीची गाडी पाठवी. ही बुटकी, मागून उतार असलेली गाडी असे. मागच्या पायांना साखळी बांधून, हातरहाटानं धड उतारावरून वर ओढून घेत. तिथून हडसन नदीकाठच्या ३८ व्या रस्त्याच्या धक्क्यावर. या धक्क्याचं नावच ‘ऑफल डॉक’, म्हणजे आतडी-कातडी आणि टाकाऊ मांसाचा धक्का. तिथं गाईगुरं, कुत्री, मांजरं, कत्तलखान्यातलं उरलंसुरलं हे सगळं तराफ्यावर चढे आणि टगबोट ते ओढत दक्षिणेला नेई.

इथं वेळ फार जाई. धड रस्त्यावर पडून राही, मग धक्क्यावर तराफा भरेपर्यंत थांबे, मग भरतीची वाट. ऑगस्टच्या उन्हात घोडा एका दिवसात फुगतो. पोटातला चारा आंबायचा थांबत नाही, वायू साठतो, कातडीखाली हिरवट रंग येतो आणि केस हातात निघायला लागतात. अशा धडाचं कातडं गेलंच म्हणून समजा. चरबीची प्रत त्याच्याही आधी घसरलेली असते.

टाकीत नेमकं काय चालायचं?

तेव्हाची पद्धत ओल्या रेंडरिंगची. आधी धडाची तयारी: कातडं सोलायचं, शेपूट आणि आयाळ कापून वेगळी ठेवायची, नाल काढायची, पोट फाडून आतडी रिकामी करून धुवायची आणि धडाचे तुकडे करायचे. आतडी धुण्यात आळस केला की शेणाचा हिरवा रंग सरळ चरबीत उतरतो. नंतर कितीही गाळलं तरी तो पुरता जात नाही.

टाकी म्हणजे जाड लोखंडी पत्र्याचं उभं पिंप, वर तोंड आणि खाली निमुळतं होत गेलेलं. तळापासून थोडं वर भोकाभोकांची जाळी. जाळी नसेल तर मांस वाफेच्या नळीवर बसून तोंड बुजवतं. वरच्या झाकणातून माल भरायचा, पण काठोकाठ नाही. पाऊण टाकीच भरायची, कारण मांस सुटं झालं की फेस वर येतो. झाकण आवळलं की खालून वाफ सोडायची. वरची छोटी तोटी उघडीच ठेवायची, म्हणजे आतली हवा बाहेर जाईल. हवा आत राहिली तर काटा दाब दाखवतो, पण माल तेवढा तापलेला नसतो. पुष्कळ कच्चे राहिलेले घाणे याच चुकीमुळे.

मग चौरस इंचाला चाळीस पौंडांच्या आसपास दाब, म्हणजे साधारण १४० अंश सेल्सियस, आणि आठ ते दहा तास. इतक्या वेळात मांस रेशारेशांनी सुटतं, सांध्यांतला कूर्चा विरघळतो, हाड बोटानं मोडावं इतकं ठिसूळ होतं.

वाफ बंद केली की घाईला जागा नाही. दाब तासभर हळूहळू उतरवायचा. एकदम झडप उघडली तर आतलं गरम पाणी उसळतं, चरबी-पाणी घुसळलं जातं आणि ताकासारखं पांढरट मिश्रण तयार होतं. ते तासन् तास वेगळं होत नाही. मग वरून मीठ शिंपडून ते फोडायचा प्रयत्न करतात, तोही दरवेळी साधतोच असं नाही. दाब उतरल्यावर दोनेक तास स्थिर ठेवलं की तीन थर पडतात. वर चरबी, मध्ये काळसर चिकट पाणी, खाली हाडं आणि चोथा. टाकीच्या अंगाला वेगवेगळ्या उंचीवर तोट्या असतात. चरबीची पातळी तोटीखाली असेल तर तळातून हळूच पाणी सोडून ती वर उचलायची आणि वरच्या तोटीतून काढून घ्यायची.

मधल्या पाण्याला टँक-वॉटर म्हणत. त्यात विरघळलेली प्रथिनं, म्हणजे बराच नायट्रोजन असतो. सुरुवातीला ते सरळ खाडीत सोडून देत. पुढं निर्वात कढयांमध्ये आटवून त्याचा काकवीसारखा घट्ट अर्क करायला लागले आणि तो टँकेजमध्ये कालवू लागले. खताची ताकद त्यानं वाढे, पण हा अर्क हवेतला ओलावा ओढतो. प्रमाण चुकलं की पोत्यांमध्ये दगडासारखे गोळे होतात.

खालचा चोथा तळाच्या दारातून बाहेर ओढायचा, कापडात गुंडाळून थरावर थर रचून दाबयंत्रात पिळायचा, वाळवायचा, दळायचा. पिळायच्या आत तो थंड झाला तर चरबी आत थिजते आणि बाहेर येत नाही, म्हणून हे काम गरम मालावरच करावं लागे. दाबयंत्राजवळचे कामगार भाजल्याच्या खुणांवरून ओळखू येत असतील, असं ही पद्धत पाहून वाटतं.

एका घोड्यातून किती माल निघतो?

पाचशे किलोचा घोडा धरू. कातडं तीसेक किलो. पोटातला चारा आणि शेण साठ-सत्तर किलो, ते फुकट. टाकीत गेले चारशे. त्यातलं अडीचशे किलो पाणी, वीस ते चाळीस किलो चरबी आणि उरलेलं शंभर-सव्वाशे किलो कोरडं टँकेज. राबून खंगलेल्या ट्रामच्या घोड्यात चरबीचा आकडा वीसच्याही खाली येतो. गाय किंवा डुक्कर याहून बरंच जास्त देतं. घोड्यावर पैसा सुटे तो चरबीपेक्षा कातडं, केस आणि खतावर.

हे ढोबळ हिशेब आहेत. धड शिळं असेल तर पहिला फटका कातड्याला बसतो आणि हिशेबाचा वरचा रकानाच कोरा होतो.

खुरांपासून सरस बनवायचे, हे खरं का?

नाही, आणि ही चूक अनेक ठिकाणी छापलेली सापडते. सरस येतो कोलॅजेन या प्रथिनापासून. ते कातडीच्या कातरणात, स्नायुबंधांत आणि हाडांत असतं. खूर, शिंग आणि केस केराटिन या दुसऱ्याच प्रथिनाचे असतात आणि केराटिन पाण्यात उकळून सरस देत नाही. खुरांचा उपयोग बटणं, कंगवे आणि ‘प्रशियन ब्लू’ हा निळा रंग बनवायला होई. पायाच्या आतल्या स्नायुबंधांचा सरस व्हायचा, आणि ‘पायापासून’चं ‘खुरांपासून’ झालं असावं.

शेपटीचे आणि आयाळीचे केस ब्रश आणि खुर्च्यांच्या गाद्यांत जात. नळीच्या सरळ हाडांच्या सुरीच्या मुठी आणि बटणं होत. याशिवाय हाडांचं एक मोठं गिऱ्हाईक ब्रुकलिनमध्येच होतं, ते म्हणजे साखर कारखानदारी. विल्यम्सबर्गच्या हॅवमायर कारखान्यात १८८० च्या दशकात उभारलेली एक अख्खी उंच इमारत हाडांच्या कोळशाच्या गाळण्यांसाठीच होती. चरबी काढलेली हाडं बंद भांड्यात, हवा न लागू देता, साधारण ७०० अंशांवर भाजली की हा कोळसा होतो. साखरेच्या पाकातला तपकिरी रंग तो शोषून घेतो.

चरबीचा भाव कशावर ठरायचा?

घट्टपणा, रंग आणि आम्लता. चरबीतली मेदाम्लं वेगळी करून ती कोणत्या तापमानाला गोठतात ते पाहतात. चाळीस अंशांच्या वर गोठली तर टॅलो, खाली गोठली तर ग्रीझ. घोड्याची चरबी मुळातच मऊ, त्यामुळे ती ग्रीझमध्येच मोडे. रंग कुजण्यानं आणि शेणानं बिघडतो.

आम्लतेचं गणित जरा बारकाईनं बघावं असं आहे. धड पडून राहिलं की त्यातलीच विकरं चरबी फोडू लागतात. ग्लिसरीन सुटं होऊन टाकीच्या पाण्यात जातं आणि मागं नुसती मेदाम्लं उरतात. साबण त्यांचाही होतो, पण साबणवाल्याला साबणाबरोबर ग्लिसरीन हवं असतं, कारण १८६७ मध्ये नोबेलनं डायनामाइटचं पेटंट घेतल्यापासून ग्लिसरीनला चांगला दाम मिळू लागला होता. शिळ्या धडाच्या चरबीला भाव कमी मिळे तो अशा हिशेबानं.

बेटावर मासेही उकळत असत का?

हो. मेनहेडन नावाचा तेलकट, काटेरी मासा. माणूस तो सहसा खात नाही. तेल काढून चोथा खत म्हणून विकत. पद्धत जवळपास हीच, फक्त शिजायला वेळ थोडा.

आणि घरोघरचा कचरा?

१८९५ मध्ये कर्नल जॉर्ज वेअरिंग शहराच्या साफसफाईचे प्रमुख झाले. त्यांनी घरातच तीन डबे करायला लावले. राख एकीकडे, कोरडा भंगार-कागद दुसरीकडे आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा तिसरीकडे. ओला-सुका वेगळा करा, हे आपल्याकडच्या घंटागाडीवर वाजणारं गाणं तसं सव्वाशे वर्षं जुनं आहे.

ओला कचरा १८९६ पासून ‘न्यूयॉर्क सॅनिटरी युटिलायझेशन कंपनी’च्या बॅरन आयलंडवरच्या कारखान्यात जाऊ लागला. तिथंही तीच वाफेची टाकी, सहा-आठ तास, मग दाबयंत्र. फरक उत्पन्नात. शंभर किलो ओल्या कचऱ्यातून ग्रीझ जेमतेम दोन-तीन किलो निघतं. त्यामुळे परवडण्यासाठी प्रचंड माल लागतो, आणि प्रचंड माल म्हणजे प्रचंड वाफ. बेटाची खरी बदनामी झाली ती घोड्यांपेक्षा या कारखान्यामुळे.

एवढा वास का यायचा? तो थांबवता आला नसता का?

बराचसा आला असता. ताजं मांस बंद टाकीत शिजवलं तर शिजलेल्या रश्श्यासारखाच वास येतो, फार तर जड वाटेल. पोटात उमासे आणणारा वास तीन ठिकाणांहून निघतो.

पहिलं ठिकाण कच्चा माल. कुजताना प्रथिनांपासून कॅडाव्हरिन आणि प्युट्रेसिन, गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड आणि मर्कॅप्टन, माशांमधून ट्रायमिथाइल अमाइन तयार होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे तराफ्यावर उन्हात गेलेला प्रत्येक तास थेट नाकाला जाणवणार. शहरापासून लांब म्हणून निवडलेलं बेट प्रवास लांबवत होतं, आणि लांबलेला प्रवास वास वाढवत होता.

दुसरं ठिकाण टाकीची वाफ. उघडी सोडली तर सगळा वास तिच्यावर स्वार होऊन जातो. उपाय त्या काळीही ठाऊक होता. वाफ थंड पाण्याच्या फवाऱ्यातून न्यायची, म्हणजे तिचं पाणी होतं. जे वायू विरघळत नाहीत ते बॉयलरच्या भट्टीत सोडून जाळायचे. यात दोन गोष्टी बिघडतात. उन्हाळ्यात थंड करायचं पाणीच कोमट असतं. आणि भट्टी मंदावलेली असेल तर वायू न जळता धुराड्यातून निसटतात, तेही नेमके रात्री, वारा पडलेला असताना.

तिसरं ठिकाण वाळवणीचं पिंप, आणि आमच्या मते सगळ्यांत मोठा गुन्हेगार हाच. फिरत्या पिंपातून गरम हवा टँकेजवरून जाते. ही हवा प्रचंड प्रमाणात असल्यानं तिला थंड करून दाबणं अवघड, शिवाय चोथा थोडा करपला तरी जळक्या केसांचा वास मिसळतो. टाकीवर झाकण बसवून ‘आमच्याकडे आता दुर्गंधी नाही’ असं सांगणारा मालक या पिंपाबद्दल सहसा बोलत नाही.

उन्हाळ्यात समुद्राकडून येणारा वारा हे सगळं ब्रुकलिनच्या वस्त्यांवर नेई. वारा फिरला की रॉकअवेच्या किनाऱ्यावरची हवा खायला आलेल्या मंडळींची पाळी. १८९० च्या दशकात लोकांनी ‘अँटी-बॅरन आयलंड लीग’ स्थापन करून कारखाने हटवण्यासाठी जोर लावला. पण मेलेले घोडे आणि कचरा न्यायचा कुठं, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं, त्यामुळे ठेके चालूच राहिले.

आगी वारंवार का लागत?

लाकडी इमारतींत मुरलेली चरबी आणि शेजारी भट्ट्या, हे एक कारण. दुसरं कारण लक्षात येत नाही. चरबीचा अंश असलेला कोरडा चोथा ढिगात घातला की तो स्वतःच तापतो. तेल हवेतला प्राणवायू घेतं, उष्णता निघते, ढिगाच्या मध्यातून ती बाहेर पडू शकत नाही. मासळीचा चोथा यात सर्वांत धोक्याचा. म्हणून वाळवणीतून निघालेला माल आधी पसरून गार करायचा, ढीग उंच रचायचा नाही आणि मध्यभागी सळई खुपसून ती हाताला किती गरम लागते ते बघत राहायचं. अतिकोरडा माल जितका वाईट तितकाच ओलसरही. ओलसर ढिगात जंतू उष्णता वाढवतात आणि उरलेलं काम तेल करतं.

तिथं कोण राहत होतं?

१९१० च्या सुमाराला दीड हजारांच्या आसपास माणसं. पोलिश, इटालियन, आयरिश स्थलांतरित आणि कृष्णवर्णीय कामगार. शाळा होती, चर्च होतं, दुकानं होती, दारूचे गुत्ते होतेच. शहराचा नळ आणि गटार नव्हतं, डॉक्टर नव्हता. न्यूयॉर्क महानगराच्या हद्दीत असून बाहेर असल्यासारखं गाव.

बेटावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका जेन शॉ यांचं नाव अजून घेतलं जातं. १९३६ मध्ये पार्क आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी उरलेल्या रहिवाशांना एप्रिलच्या मध्यापर्यंत घरं सोडायला सांगितलं, तेव्हा मुलांचं वर्ष बुडेल म्हणून त्यांनी जूनअखेरपर्यंत मुदत मिळवली.

आपल्याकडे अशी व्यवस्था कशी होती?

गावात ती यंत्रावर नव्हती, माणसांवर लादलेली होती. मेलेलं जनावर ओढून नेणं हे महारांच्या वतनी कामांपैकी एक. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, आणि ओढकाम नाकारणं हा पुढं चळवळीचाच भाग झाला. मुंबई राज्याचा कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा आला १९५८ साली. बॅरन आयलंडचा कामगार गरिबीमुळे त्या कामाला लागे आणि दुसरं काम मिळालं की सुटे. इथं सुटायलाच कायदा आणि चळवळ लागली. उरलेलं काम गिधाडं करत. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे ती लाखोंनी मेली. हे औषध पशुवैद्यकीय वापरासाठी २००६ मध्ये बंद झालं, पण हाडकीवर, म्हणजे मेलेली जनावरं टाकायच्या जागेवर, गिधाडं काही परत दिसेनात.

शहरात मात्र न्यूयॉर्कचीच वाट दिसते. आर्थर क्रॉफर्ड आयुक्त असताना, १८६० च्या दशकात, मुंबईचा कत्तलखाना शहरातून वांद्र्याला हलवला गेला. वांद्रं शहरात आलं तसा तो १९७१ मध्ये देवनारला गेला, जिथं १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जात होता. बॅरन आयलंडवरही जनावरं आणि कचरा एकाच पत्त्यावर जमले होते.

कारखाने बंद कशामुळे पडले?

लीगमुळे नव्हे, मोटारीमुळे. शहरातली शेवटची घोड्याची ट्राम १९१७ मध्ये थांबली. १९१० च्या दशकाच्या अखेरीस ओल्या कचऱ्याचं कामही बेटावरून गेलं. १९२० च्या दशकात फ्लॅटबुश अॅव्हेन्यू हा रस्ता बेटापर्यंत आला, १९३१ मध्ये विमानतळाचं रीतसर उद्घाटन झालं, आणि १९३० च्या दशकाच्या मध्याला शेवटचा रेंडरिंग कारखाना थांबला.

आजचं रेंडरिंग किती वेगळं आहे?

१९२० च्या दशकात कोरडी पद्धत आली. आडवं पिंप, त्याला दुहेरी भिंत, भिंतीच्या पोकळीत वाफ आणि आत फिरणारे पाते. मालाला वाफ लागतच नाही, स्वतःच्याच चरबीत तो तळला जातो, थेट लोणी कढवल्यासारखा. टँक-वॉटर उरत नाही, त्यामुळे ते नासणंही नाही.

युरोपात १९८६ मध्ये गाईंचा बीएसई हा मेंदूचा रोग ब्रिटनमध्ये ओळखला गेला आणि तो मांस-हाडांच्या भुकटीतून पसरल्याचं दिसल्यावर १९८८ मध्ये ती भुकटी रवंथ करणाऱ्या जनावरांना खाऊ घालणं तिथं बंद झालं. धोक्याच्या मालासाठी युरोपातला मापदंड असा: तुकडे ५० मिलिमीटरच्या आत, १३३ अंश, ३ बार दाब, किमान २० मिनिटं. तुकड्याच्या मापाची अट उगीच नाही. मोठ्या हाडाच्या गाभ्यापर्यंत वीस मिनिटांत उष्णता पोचतच नाही.

डेड हॉर्स बे आज बघता येतो का?

किनाऱ्यावर नाही. किरणोत्सारी वस्तू सापडल्यामुळे ऑगस्ट २०२० मध्ये तो लोकांसाठी बंद केला. जाण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसची ताजी सूचना बघा. फ्लॉइड बेनेट फील्डपर्यंत मात्र जाता येतं. २ किंवा ५ नंबरच्या गाडीनं फ्लॅटबुश अॅव्हेन्यूच्या शेवटच्या स्टेशनवर उतरा आणि तिथून क्यू-३५ बस घ्या.

जुन्या फोटोंत किनाऱ्यावर पसरलेल्या हजारो बाटल्या, बुटांचे तळवे, चिनी मातीचे तुकडे दिसतात. ते कारखान्यांचे नव्हेत. पुढं तिथं शहरी कचऱ्यानं भराव घातला, १९५० च्या दशकात त्याचं आवरण फुटलं आणि तेव्हापासून तो समुद्रात झिरपतोय. कारखान्यांची खूण म्हणजे हाडं. फोटोत आडवं कापलेलं जाड नळीचं हाड दिसलं, कापाची कड सपाट आणि रंग तपकिरी असेल, तर ते कारखान्यातलं असू शकतं. आपोआप मोडलेल्या हाडाची कड कधीच इतकी सरळ नसते.